आज रोख, उद्या उधार

एखादं मोठं दुकान बंद पडलं की आपल्याकडे हळहळणारे कमी आणि 'मी म्हणालोच होतो' म्हणणारे जास्त निघतात. २०२२च्या फेब्रुवारीतल्या शेवटच्या शनिवार-रविवारी देशभरातली कितीतरी बिग बझार उघडलीच नाहीत, आणि सोमवारपर्यंत आमच्या सोसायटीतल्या प्रत्येकाला ती बंद पडणार हे दोन वर्षांपासून ठाऊक असल्याचं सिद्ध झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या मते एसीच्या बिलाने घात केला. तळमजल्यावरच्या काकूंच्या मते बिल करणाऱ्या मुली फार सावकाश होत्या. वॉचमनने तर अर्थशास्त्र एका वाक्यात संपवलं, "एकावर दोन फुकट देऊन कुणाचं भलं झालंय?" पहिल्या दोन तज्ज्ञांच्या घरी त्या फुकटातल्या चादरी अजून प्लास्टिकच्या पिशवीत घडी न मोडता पडून आहेत, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

मला पडलेलं कोडं जरा वेगळं होतं. दुकान गर्दीवर चालतं हा आपला लहानपणापासूनचा पक्का समज. वडापावची गाडी निवडताना आपण चवीची चौकशी करत नाही, रांग बघतो. साड्यांच्या दुकानात आपण एकटेच असलो तर पहिल्या पाच मिनिटांत 'पुन्हा येते' म्हणून निसटतो. आणि बिग बझारला कशाची कमी असेल ती असो, गर्दीची नव्हती. गर्दी हाच तर तिथला मुख्य माल होता.

किशोर बियाणींनी २००१ साली कोलकाता, हैदराबाद आणि बंगळूरला पहिली बिग बझार काढली, ती हे गर्दीचं शास्त्र डोक्यात ठेवूनच. चेन्नईच्या टी. नगरमधलं सरवणा स्टोअर्स त्यांनी पाहिलेलं होतं. तिथे मजल्यांवर मजले, मालाचे ढीग आणि खांद्याला खांदा घासत चाललेलं गिऱ्हाईक. परदेशी सुपरमार्केटची शिस्त जशीच्या तशी आणली तर आपला मध्यमवर्गीय माणूस दारातूनच परत फिरेल, हे त्यांनी ओळखलं. बरोबरच होतं ते. चकचकीत फरशी, मोकळी वाट आणि अदबीने उभा असलेला विक्रेता दिसला की आपण आधी खिसा चाचपतो. म्हणून बिग बझारमध्ये माल ढिगाने मांडलेला असे आणि वाटेत कोणाचा तरी धक्का लागल्याशिवाय पुढे जाता येत नसे. धक्का लागला की आपल्याला बाजारात आल्यासारखं वाटतं आणि स्वस्तही वाटतं.

आमच्या भागातल्या शाखेत तांदूळ-डाळींचे उघडे कप्पे होते. आई तिथे पोचली की ट्रॉली माझ्या हातात द्यायची आणि पदर खोचायची. वरचा तांदूळ ती बघायचीसुद्धा नाही. वरचा दाखवायचा असतो आणि खालचा विकायचा, हे तिचं आयुष्यभराचं निरीक्षण. हात कोपरापर्यंत आत घालून तळातली मूठ काढायची, तळहातावर पसरून फुंकर मारायची आणि एक दाणा दाताखाली धरायची. मग निकाल, "नवा आहे. भात चिकट होणार." पुढचा कप्पा. "हा बरा, पण कणी फार." तोवर आजूबाजूला तीन-चार अनोळखी बायका आपापल्या पिशव्या उघड्या धरून तिच्या निकालाची वाट बघत थांबलेल्या असायच्या. वाण्याकडे तिला ही सत्ता कधी मिळाली नव्हती. तिथे काउंटरच्या अलीकडे आपण, पलीकडे माल. वाणी पुडी बांधून पुढे सरकवणार, आणि जे काही म्हणायचं ते घरी सूप हातात घेऊन म्हणायचं.

अर्ध्या तासाच्या तपासणीनंतर आम्ही एक फणी आणि अर्धा किलो पोहे घेऊन निघायचो. दाराशी गणवेशातला माणूस बिल घ्यायचा, पिशवीत अत्यंत गंभीरपणे डोकावायचा आणि बिलाला यंत्राने भोक पाडायचा. त्या भोकाने नेमकं काय सिद्ध व्हायचं ते मला कधीच कळलं नाही, पण ते पडल्याशिवाय आईला खरेदी पूर्ण झाल्यासारखी वाटत नसे.

मग त्यांच्या योजना. २६ जानेवारी २००६ला 'सबसे सस्ता दिन' जाहीर झाला, तेव्हा अशी झुंबड उडाली की काही ठिकाणी पोलिसांना बोलवावं लागलं. पुढच्या वर्षांत तो 'दिन' लांबत जाऊन त्याचे अनेक दिवस झाले. सोसायटीतलं झेंडावंदन आटोपलं की जिलबीचा द्रोण संपवत लोक रिक्षा शोधायचे. प्रजासत्ताकात प्रजेने एवढ्या जोमाने सत्ता गाजवलेली मी फक्त बिग बझारच्या बादल्यांच्या ढिगावर पाहिली आहे. जुनं द्या आणि नवं घ्या, अशीही एक योजना असे. घरातली रद्दी, जुने कपडे, पोचे आलेली भांडी वजनावर घेऊन कुपनं मिळायची, पण ती वटवायला त्यांच्या कितीतरी पट खरेदी करावी लागायची. म्हणजे माळा रिकामा करायला निघालेला माणूस माळा भरायचं सामान घेऊन परत यायचा. आमचा रद्दीवाला त्या दिवसांत आमच्याशी बोलत नसे.

एवढी गर्दी होती, तर मग घोडं कुठे पेंड खात होतं? गर्दीवरून दुकानाची विक्री कळते, उधारी कळत नाही, आणि दुकान जगतं किंवा मरतं ते उधारीवर.

आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याने गल्ल्यावर एक पाटी लावलेली आहे, 'आज रोख, उद्या उधार'. नव्या माणसाला वाटावं की हा गृहस्थ उधारीच्या अगदी विरोधात आहे. प्रत्यक्षात त्या पाटीच्या बरोबर खाली बसून तो लाल कापडाच्या चोपडीत आमच्या नावापुढे 'साबण दोन, गूळ अर्धा' असं लिहीत असतो. पाटी अनोळखी लोकांसाठी, वही ओळखीच्यांसाठी. कोणाला किती द्यायचं आणि कोणाला पाटी दाखवायची, हे ज्याला कळलं तो वाणी.

या वहीचा जाचही होतो. गिरणगावात पगार महिन्याने आणि भूक रोजची, म्हणून कामगाराचं वाण्याकडे खातं असे. खातं असलं की भाव विचारायची सोय राहत नाही, आणि वजनाबद्दल तर ब्र काढता येत नाही. यातून सुटायला १९४८ साली नायगावातल्या कामगारांनी स्वतःचं सहकारी दुकान काढलं, तेच पुढे 'अपना बाजार' झालं. माल चोख, वजन खरं आणि गिऱ्हाईकच मालक. मुंबईतल्या मराठी घरांत अपना बाजारच्या पिशवीला एके काळी जी पत होती, ती आज कुठल्या ब्रँडला नसेल. पण दुकान ज्यांच्या पगारावर उभं होतं त्यांचा पगारच १९८२च्या संपात बुडाला. अडीच लाख गिरणी कामगारांच्या घरातली 'पगाराची तारीख' ही गोष्टच पुसली गेली. अपना बाजार त्यानंतरही चाललं, पण मॉलच्या जमान्यात शाखा रोडावत गेल्या.

पुढचा भाग कादंबरीत आला असता तर संपादकाने 'योगायोग फार आहेत' म्हणून परत पाठवला असता. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात, जिथे पाळीचा भोंगा वाजायचा, तिथे बिग बझार आलं. आणि इकडे १९९९ साली शेअर बाजारातले नावाजलेले गुंतवणूकदार राधाकिशन दमाणी यांनी नेरुळला अपना बाजारचीच एक शाखा चालवायला घेतली. किराणा म्हणजे काय ते तिथे शिकून २००२मध्ये त्यांनी पवईला स्वतःचं दुकान काढलं, डी-मार्ट. कामगारांनी वाण्याच्या तावडीतून सुटायला काढलेल्या दुकानात धडे गिरवून एक शेअर दलाल देशातला सगळ्यात यशस्वी वाणी झाला.

डी-मार्टमध्ये रमावं असं काही नाही. तिथे माणूस यादी घेऊन जातो, यादी संपवतो आणि रांगेत उभा राहून मोबाइल बघतो. पण त्या दुकानाचे दोन नेम आहेत. एक, जागा शक्यतो भाड्याने घ्यायची नाही, विकत घ्यायची, मग शाखा सावकाश वाढल्या तरी चालतील. दुसरा, पुरवठादाराचे पैसे लांबवायचे नाहीत, लवकर चुकते करायचे आणि त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा. हे मी मोठ्या कौतुकाने आमच्या वाण्याला सांगितलं. तो सुतळी तोडता तोडता म्हणाला, "यात नवीन काय, ताई? गाळा बापाचा आणि एजंटला रोख. आम्ही दुसरं काय करतो?"

बियाणींनी नेमकं उलटं केलं. जागा भाड्याच्या, वाढ कर्जावर, आणि वेग असा की कपडे, फर्निचर, टीव्ही-फ्रीज, विमा, जे दिसेल त्याचं दुकान. २००८च्या मंदीत पहिला दणका बसला. कर्ज हलकं करायला २०१२मध्ये पँटलून्स आदित्य बिर्ला समूहाला विकावं लागलं, म्हणजे ज्या दुकानाने त्यांचं नाव झालं तेच. एखादा यानंतर गप्प बसला असता. यांनी पुढच्या पाच वर्षांत नीलगिरीज, ईझीडे, हेरिटेज फ्रेश आणि हायपरसिटी अशा दुसऱ्यांच्या साखळ्या घरात आणल्या. ज्या दुकानात चादरी एकावर दोन फुकट मिळायच्या, त्याच दुकानाला अंथरूण पाहून पाय पसरणं काही जमलं नाही.

आणि मग २०२०चा मार्च आला. दुकानांत शुकशुकाट. पहिल्या तीन-चार महिन्यांतच जवळपास सात हजार कोटींचा व्यवसाय गेला, आणि या काळात भाडं थांबत नाही, व्याजही थांबत नाही, असं स्वतः बियाणींनीच नंतर सांगितलं. एवढा मोठा माणूस बोलला म्हणून ते वर्तमानपत्रात आलं. आमच्याकडे हेच वाक्य गृहकर्ज घेतलेल्या प्रत्येक घरात रोज संध्याकाळी बोललं जात होतं.

त्यानंतर जे झालं ते चाळीत राहिलेल्या माणसालाच नीट समजेल. ऑगस्ट २०२०मध्ये हा सगळा पसारा २४,७१३ कोटींना रिलायन्सला विकायचं ठरलं. पण त्याआधी, २०१९मध्ये, अ‍ॅमेझॉनने बियाणींच्या समूहातल्या एका कंपनीत सुमारे १,४०० कोटी घातले होते, आणि 'अमक्याला विकायचं नाही' अशी अट करारात होती. झालं. सिंगापूरचा लवाद, दिल्ली उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, स्पर्धा आयोग. जगातल्या दोन बलाढ्य श्रीमंतांच्या कंपन्या आमच्या भागातल्या तांदळाच्या कप्प्यांसाठी कोर्टात भांडत होत्या, आणि कप्प्यांत दिवसेंदिवस तांदूळ कमी होत होता. पुरवठादारांचे पैसे थकले की सगळ्यात आधी मांडणीवरून कळतं. चार कंपन्यांचे साबण असायचे तिथे एकाच साबणाच्या वड्या ऐसपैस अंतर ठेवून मांडलेल्या. गर्दीचं शास्त्र शिकवणाऱ्या दुकानात शेवटी मालालाही गर्दी करता येईना.

जागांचं भाडं थकलं होतं. तेव्हा रिलायन्सने परस्पर घरमालकांशी करार करून शेकडो दुकानांच्या जागा आपल्या नावावर घेतल्या आणि त्याच जागा बिग बझारला वापरायला दिल्या. म्हणजे बिग बझार आपल्याच दुकानात पोटभाडेकरू झालं. गिरगावात वाढलेल्या कुणालाही विचारा, पोटभाडेकरूची ट्रंक एक दिवस बाहेर येतेच. फेब्रुवारी २०२२च्या त्या शनिवार-रविवारी ती आली. एप्रिलमध्ये बँकांनी विक्रीच्या विरोधात मत दिलं आणि २४,७१३ कोटींचा व्यवहार मोडला. जुलैमध्ये बिग बझारची कंपनी दिवाळखोरीत गेली. दोन वर्षं खरेदीदार शोधून झाल्यावर जुलै २०२४मध्ये न्यायाधिकरणाने तिचं अवसायन करायला सांगितलं, म्हणजे असेल ते विका आणि निकाल लावा. पुष्कळ ठिकाणी त्याच जागेत आता स्मार्ट बझारची पाटी आहे. सरकते जिने तेच आहेत, आणि त्यांच्यावर पहिलं पाऊल टाकताना मुलाचा हात घट्ट धरणाऱ्या आज्याही त्याच आहेत.

आमच्या भागात बिग बझारसाठी मनापासून कोणी हळहळलं असेल तर तो आमचा वाणी. मला आधी वाटलं, शत्रू पडल्यावर शिष्टाचार म्हणून हळहळतोय. तसं नव्हतं. 'सबसे सस्ता दिन' लागला की तो सकाळी दुकानावर पुतण्याला बसवायचा आणि स्वतः ट्रॉली घेऊन बिग बझारमध्ये शिरायचा. तेल, साबण, टूथपेस्ट घाऊक बाजारापेक्षा स्वस्त पडायचं. मग तोच माल तो वर्षभर आम्हाला वहीवर लिहून द्यायचा. आम्ही रांगेत तासभर उभे राहून जी बचत केली म्हणत होतो, ती रांगेत आमच्यापुढे दोन माणसं सोडून उभ्या असलेल्या वाण्याने जास्त नीट केलेली होती. "फार मोठ्या मनाचा माणूस," तो बियाणींबद्दल म्हणाला. व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला मोठ्या मनाचा म्हणावं, यापेक्षा मोठी धोक्याची घंटा नाही.

आता सामान घरी येतं. ग्रोफर्सचं ब्लिंकिट झालं, मुंबईत झेप्टो निघालं, हे सगळं बिग बझार शेवटचे श्वास घेत होतं त्याच वर्षातलं, २०२१मधलं. बिग बझारनेही जाता जाता दोन तासांत घरपोच माल द्यायचा प्रयत्न केला होता, पण तोवर जगाला दहा मिनिटांची सवय लागायला सुरुवात झाली होती. एक जुडी कोथिंबीर गेट उघडून, लिफ्टने, पावसात भिजलेल्या रेनकोटसह दारात येते तेव्हा मला आनंद होतो आणि पाठोपाठ वाण्याच्या शाळेत शिकलेला प्रश्न पडतो, ही कुणाच्या उधारीवर आली? जुडीच्या किमतीत तर पोराचं पेट्रोलही निघत नाही. मधला फरक कोणीतरी गुंतवणूकदार भरतो आहे. तो भरतो आहे तोवर कोथिंबीर ताजी आहे.

बिग बझारच्या बाबतीत हा मधला फरक कोण भरत होतं, याचं उत्तर मला उशिरा मिळालं. दिवाळखोरीचा अर्ज बँक ऑफ इंडियाने केला होता, आणि मागे रांगेत आणखी बँका होत्या, त्यांत सरकारी बऱ्याच. सरकारी बँकेत पैसा कोणाचा असतो? आईच्या मुदत ठेवीचा. ठेव बुडत नाही, व्याजही तारखेला जमा होतं. पण बुडीत कर्जाचा खड्डा बँक आधी नफ्यातून बुजवते, नफा पुरला नाही तर सरकार भांडवल घालतं, आणि सरकारची मिळकत म्हणजे तुमचा-माझा कर. म्हणजे ज्या साखरेचा भाव आम्ही नातेवाइकांना फोन करून सांगत होतो, तिचे उरलेले पैसे आम्हीच मागच्या दाराने चुकते करत होतो. वाण्याच्या वहीत आपण होतो, आणि बिग बझार आपल्या वहीत होतं. फक्त ती वही आपल्याला कोणी दाखवली नव्हती.

वाण्याची उधारी टिकते कारण ती तोंडावर मागता येते. महिनाअखेर झाली की तो आईला नमस्कार जरा जास्त वाकून करतो, एवढं पुरतं. शेकडो दुकानं, डझनावारी बँका आणि लाखो ठेवीदार यांच्यात कोण कोणाला वाकून नमस्कार करणार?

हे सगळं मी आईला समजावून सांगितलं. बँका, कर्ज, पोटभाडं, अवसायन, सगळं. तिने लसूण सोलता सोलता शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे ते आपलं देणं लागत होते होय? अगं, मग तेव्हाच सांगायचं नाही का! वसुलीत आणखी दोन बादल्या उचलल्या असत्या."